आधी गाडी उलटी करून बघा

तुमच्या घरी माळ्यावर, नाहीतर पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत, खेळण्यातली एखादी जुनी गाडी असेल. प्लॅस्टिकची नव्हे, धातूची. तळहातावर मावणारी, पण उचलली की जड लागणारी. रंगाचे टवके उडालेले, एक टायर गायब, काच पिवळी पडलेली.

अशी गाडी दिवाळीच्या साफसफाईत सापडली की दोनच गोष्टी होतात. एकतर ती भंगारात जाते, नाहीतर घरातलं कुणीतरी म्हणतं, "थांबा, टाकू नका. रंगवून घेतली तर नव्यासारखी होईल." हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी आहे. मी स्वतः तोच माणूस आहे. गेली अठरा-वीस वर्षं जुन्या गाड्या दुरुस्त करतोय, आणि त्यातली एक चूक मला अजून टोचते. तुम्ही हातात थिनरची बाटली घेण्याआधी ती तुम्हाला सांगावी, असं बरेच दिवस मनात होतं.

गाठीतला कोट

मी मूळचा सोलापूरचा. बाबा तिथल्या एका कापड गिरणीत जॉबर होते. 1991 साली मी नोकरीसाठी पानिपतला आलो, तेव्हा नातेवाइकांनी भरपूर चेष्टा केली. आपल्याकडे पानिपत हे गावापेक्षा वाक्प्रचार म्हणूनच जास्त ठाऊक. मॅच हरली, पानिपत झालं. निवडणूक हरली, पानिपत झालं. इथल्या लोकांना हे सांगितलं तर ते हसतात. त्यांच्यासाठी पानिपत म्हणजे ब्लँकेट, सतरंज्या आणि पचरंगा लोणचं. 14 जानेवारीला काला आंबच्या स्मारकापाशी महाराष्ट्रातून आलेली माणसं दिसतात, तेव्हा आम्हा इथल्या मराठी मंडळींना आपल्या दोन्ही गावांची एकदम आठवण होते, एवढंच.

या गावाचा एक धंदा मात्र तुम्हाला सांगायलाच हवा, कारण माझा छंद त्यातूनच निघाला. परदेशातले टाकून दिलेले लोकरीचे कपडे गाठी बांधून जहाजाने कांडला बंदरात उतरतात आणि तिथून पानिपतला येतात. स्वेटर, कोट, मफलर. इथे बायका जमिनीवर बसून त्यांची बटणं आणि चेन कापून काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात. लाल लालमध्ये, निळं निळ्यात. त्यामुळे पुढे धाग्याला पुन्हा रंग द्यायची गरज फारशी पडत नाही. मग यंत्रात त्याच्या चिंध्या, चिंध्यांचा कापूस, कापसाचा सूत. या सुताला शॉडी म्हणतात. भूकंपात, पुरात मदत म्हणून वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेट वर्षानुवर्षं याच सुताची असायची. आता पॉलिस्टरच्या मऊ ब्लँकेटनी त्यांची जागा बरीचशी घेतली आहे.

2006 च्या हिवाळ्यात आमच्या गोदामात एक गाठ फोडली. त्यात लहान मुलाचा एक तपकिरी कोट होता. खिसे तपासायची तिथे पद्धतच असते. नाणी निघतात, रुमाल निघतात, बसची तिकिटं निघतात. त्या कोटाच्या खिशातून निघाली बोटभर लांबीची एक गाडी. खालच्या बाजूला 'मॅचबॉक्स', 'लेझ्नी' आणि 'मेड इन इंग्लंड' अशी उठावाची अक्षरं. खिसा तपासणाऱ्या बाईंनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "साहब, किसी बच्चे की होगी।"

कुठल्या मुलाची, ते कळायला मार्ग नव्हता. कोटाच्या दुपारपर्यंत चिंध्या झाल्या. गाडी मी घरी नेली.

काडेपेटीतली गाडी

घरी येऊन तिच्याबद्दल शोधायला बसलो आणि गुंतत गेलो. लेझ्नी ही लंडनची कंपनी, 1947 साली सुरू झालेली. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोन मित्रांची नावं जोडून तिचं नाव झालं. आडनाव एक असलं तरी ते नातेवाईक नव्हते. पुढे त्यांना जॅक ओडेल नावाचा हुशार कारागीर येऊन मिळाला. ओडेलच्या मुलीच्या शाळेत नियम होता, की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बापाने तिच्यासाठी काडेपेटीत मावणारा छोटासा रोडरोलर बनवून दिला. त्यातून 1953 साली 'मॅचबॉक्स' गाड्यांची मालिका सुरू झाली. 1982 मध्ये लेझ्नीचं दिवाळं निघालं आणि नाव दुसऱ्या कंपनीकडे गेलं. म्हणजे तुमच्याकडच्या गाडीखाली 'लेझ्नी' हे नाव असेल, तर ती त्याआधीची.

त्याच्याही आधीचं नाव डिंकी. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचं. 1930 च्या दशकात खेळण्यातल्या आगगाड्यांच्या स्टेशनांवर उभ्या करायला म्हणून छोट्या मोटारी निघाल्या, आणि पोरांना आगगाडीपेक्षा मोटारीच जास्त आवडल्या. लिव्हरपूलचा कारखाना 1979 मध्ये बंद पडला. पण त्याआधीच, 1960 च्या दशकाच्या शेवटी, डिंकीचे काही जुने साचे भारतात आले होते. कोलकात्याच्या एका कंपनीने त्या साच्यांतून गाड्या काढून 'निकी टॉईज' या नावाने विकल्या. त्यात मर्सिडीज 220 एसई होती, जीप होती. आपल्या रस्त्यांवर अँबेसेडर आणि फियाट धावत असताना पोरांच्या हातात मर्सिडीज होती!

हे वाचताना मी एकदम थांबलो. कारण ती मर्सिडीज मला ठाऊक होती. आमच्या सोलापूरच्या घरी होती.

हात कसा बसला

त्या गाडीकडे येतो. त्याआधी कामाबद्दल थोडं सांगतो, म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल.

या गाड्यांना डाय-कास्ट म्हणतात. वितळलेला धातू दाब देऊन पोलादी साच्यात भरायचा. धातू म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात साधारण 4 टक्के ॲल्युमिनियम आणि थोडं तांबं, मॅग्नेशियम. वरची बॉडी आणि खालचा पत्रा रिव्हेटने जोडलेला असतो. गाडी खोलायची तर हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने रिव्हेटचं डोकं तेवढं कोरून काढायचं. आत खोल जायचं नाही. पुन्हा जोडताना तिथे बारीक स्क्रू बसतो.

मग काच, सीट असं सगळं प्लॅस्टिक बाजूला काढायचं. थिनर लागला तर ते विरघळतं. जुना रंग काढायला अनेक जण कॉस्टिक सोडा सुचवतात. तुम्ही वापरू नका. सोडा जस्ताला खातो, पृष्ठभागावर खड्डे पडतात, आणि त्यातून निघणारा वायू पेट घेणारा असतो. रंग काढायचं तयार द्रावण मिळतं ते घ्या. हातात मोजे घाला, गच्चीत किंवा अंगणात बसा, जवळपास शेगडी नको.

एक गोष्ट आजी-आजोबांनी नीट लक्षात ठेवावी. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासून त्याची पूड उडवू नका, पाणी लावून घासा. नातवंडांना मदतीला घ्यायचं ते चाकं बसवताना. रंग काढताना त्यांना लांब ठेवा.

शिशाचा दुसरा त्रास खुद्द धातूला होतो. ओतताना जस्तात थोडं जरी शिसं मिसळलं असेल, तर काही वर्षांनी गाडी आतून फुगते, भेगा पडतात आणि बिस्किटासारखी तुकडे होऊन सुटते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्यांत हे फार दिसतं. त्यावर उपाय नाही. अशी गाडी कोरड्या जागी ठेवायची आणि जितके दिवस टिकेल तितके दिवस बघायची.

रंग देताना आधी प्रायमर, मग पातळ थर, एक वाळला की दुसरा. पानिपतला जानेवारीत धुकं इतकं असतं की ओला रंग पांढुरका पडतो. मे-जूनमध्ये धूळ येऊन चिकटते. म्हणून माझी रंगकामं होळीनंतरच्या महिन्याभरात उरकतात. टायर कडक होऊन फुटले असतील तर हार्डवेअरच्या दुकानात नळाला आणि पंपाला लागणाऱ्या रबरी रिंगा मिळतात, त्यातली मापाची एखादी बसते. काच पिवळट झाली असेल तर टूथपेस्टने हळूहळू चोळा, बरीच उजळते.

हे सगळं शिकण्यात पाच-सात वर्षं गेली. कबाड्यांकडून गाड्या गोळा केल्या, काही बिघडवल्या, बऱ्याच चांगल्या झाल्या. कोटातल्या गाडीला मात्र मी कधी हात लावला नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

ताईची मर्सिडीज

1970 साली मामांनी मुंबईहून ती मर्सिडीज आणली होती. मी पाच वर्षांचा, ताई दहा वर्षांची. मामांनी गाडी कुणासाठी आणली ते सांगितलं नाही आणि तिथेच घोळ झाला. मला वाटे, गाडी म्हणजे मुलाचीच. ताई म्हणे, मोठी मी आहे. रोज रडारड. पुढे कधीतरी भांडणं मिटली. कशी मिटली ते मी विसरून गेलो.

लग्न झाल्यावर गाडी ताईकडे राहिली. 2016 साली सोलापूरला गेलो तेव्हा तिच्या कपाटात ती दिसली. पार रया गेलेली. निळा रंग जेमतेम निम्मा उरला होता, खालचा काळा पत्रा तेलकट मळाने आणि गंजाने माखलेला. मी म्हटलं, "ताई, ही मला दे. भाऊबीजेला नवी करून आणतो."

"नवी?" ती म्हणाली. "बरं, ने."

ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम होतं. निळा रंग जुळवायला तीन वेळा मिश्रण केलं. काच चकचकीत झाली. खालचा पत्रा थिनरमध्ये बुडवला, मग पॉलिश पेपरने घासून घासून गंजाचा ठिपका राहू दिला नाही, आणि काळा रंग दिला. भाऊबीजेला तिने ओवाळलं आणि मी ताटात गाडी ठेवली.

ताईने ती उचलली. वरून बघितली. दारासारख्या कोरलेल्या रेघांवरून बोट फिरवलं. मग उलटी केली. बराच वेळ खालचा पत्रा बघत राहिली.

"छान झालीय रे," ती म्हणाली. "पण कुणाची आहे?"

मला वाटलं, थट्टा करतेय. तिने मग शांतपणे सांगितलं. आमच्या भांडणांना कंटाळून एका रात्री बाबांनी गाडी उलटी केली आणि गिरणीतून आणलेल्या दाभणाने काळ्या पत्र्यावर एक शब्द कोरला : 'दोघांची'. दुसऱ्या दिवसापासून भांडण बंद. मला वाचताही येत नव्हतं, म्हणून मी विसरलो. तिला येत होतं.

बाबा 1998 मध्ये गेले. चाळीतली खोली त्याआधीच सुटली होती. बाबा फारसे लिहीत नसत. त्यांच्या सह्या होत्या त्या गिरणीच्या वह्यांत, आणि गिरणीच राहिली नाही. त्यांच्या हाताचं अक्षर घरात तेवढं एकच होतं, मळाखाली झाकलेलं. मी ते 400 नंबरच्या पॉलिश पेपरने साफ केलं होतं.

ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुला काय माहीत," म्हणाली आणि गाडी टीव्हीशेजारी ठेवून पुरणपोळी वाढायला उठली.

सूत आणि गाडी

परतीच्या प्रवासात दिल्लीपर्यंत तोच विचार डोक्यात होता. मी वीस-पंचवीस वर्षं अशा गावात काम केलं, जिथे जुनी वस्तू म्हणजे कच्चा माल. कोट कुणाचा, स्वेटर कुणी विणला, हे विचारत बसलं तर ब्लँकेट होणार नाही. बटणं काढा, चेन काढा, चिंध्या करा. त्या कामाला मी नावं ठेवत नाही. त्यातून थंडीत कुणाच्या तरी अंगावर पांघरूण पडतं. पण तोच हात मी ताईच्या गाडीवर चालवला होता. मी तिची गाडी दुरुस्त केली नव्हती. तिच्या गाडीच्या धातूतून एक दुसरी गाडी तयार केली होती.

आणि पुसलेलं परत येत नाही. रंग पुन्हा देता येतो, टायर पुन्हा मिळतो. मी त्याच जागी तोच शब्द कोरू शकलो असतो, पण ते माझं अक्षर झालं असतं. नक्कल करायचा मोह झाला होता, हे कबूल करतो. केली नाही.

जुन्या गाड्या जमवणारे लोक मूळ रंगाची टवके उडालेली गाडी नव्याने रंगवलेल्या गाडीपेक्षा जास्त मोलाची का मानतात, ते मला आधी कळत नसे. मला वाटे, ती श्रीमंतांची हौस. आता कळतं.

तेव्हापासून मी दोन नियम केले. पहिला, गाडी हातात आली की चारही बाजूंनी, वरून आणि खालून फोटो काढायचे, आणि निदान आठ दिवस तिला काहीही करायचं नाही. दुसरा, ज्याची गाडी आहे त्याला एकच प्रश्न विचारायचा : यातलं काय जाता कामा नये?

लोकरीचा तुकडा

हा प्रश्न किती उपयोगी आहे, ते शेजारच्या अंकलनी दाखवून दिलं. त्यांचं कुटुंब फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून पानिपतला आलेलं. मुलगा कॅनडात. एका संध्याकाळी ते मुलाची लहानपणची एक धातूची जीप घेऊन आले. आस वाकलेला, एक टायर नाही, वर धुळीचा थर. मी प्रश्न विचारला. मला वाटलं, म्हणतील, हिरवा रंग ठेवा.

त्यांनी पुढच्या आसाला गुंडाळलेला मळकट लाल लोकरीचा तुकडा दाखवला. "भाईसाहब, बस यह ऊन मत खोलना। इसकी माँ ने बाँधा था, खींचने के लिए।"

मुलाची आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

मी त्या जीपवर थिनरचा एक थेंबही टाकला नाही. साबणाच्या पाण्यात जुना मऊ टूथब्रश बुडवून ती पुसली, लोकर ओली होऊ दिली नाही. आस हलक्या हाताने सरळ केला, एक रबरी रिंग बसवली, चाकांना तेलाचा थेंब दिला. अर्ध्या तासाचं काम. अंकलनी टेबलावर जीप ठेवली, लोकरीला धरून ओढली. ती सरळ चालली. तेवढंच त्यांना हवं होतं.

माझ्या कपाटात आज साठेक गाड्या आहेत. नव्यासारख्या चमकणाऱ्या बऱ्याच आहेत, आणि त्या रंगवताना मला आनंद झालाच. ज्यांच्या मागे कुणाची आठवण नाही, अशा कबाड्याकडच्या गाड्यांवर हवी तेवढी हौस करा. पहिला प्रयोग त्यांच्यावरच करा. कोटातली गाडी मात्र जशी निघाली तशीच आहे. ते कुणाचं तरी आहे आणि विचारायला माणूस नाही, म्हणून.

आता ताईच्या मर्सिडीजचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. नातवाने टीव्हीशेजारची गाडी खाली ओढली, फरशीवर आपटली. बॉनेटच्या कडेला रंगाचा मोठा टवका उडाला.

मी लगेच म्हटलं, "पाठवून दे, तेवढा भाग रंगवतो."

"खबरदार," ताई म्हणाली. "इतकी वर्षं शोकेसमधल्यासारखी नुसती बसली होती. आता कुठे घरातली वाटायला लागलीय. आणि ऐक, काल नात आणि नातू तिच्यावरून भांडले."

"मग?"

"मग काय, मी खाली लिहिलं. दाभण नव्हतं, सुईने लिहिलं."

काय लिहिलं ते मी विचारलं नाही. तुम्हीही ओळखलं असेल.

तेव्हा माळ्यावरची ती गाडी जरूर खाली काढा. पण थिनर आणायला जाण्याआधी ती उलटी करा, खिडकीपाशी उजेडात धरा, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बोलावून विचारा, हिची गोष्ट काय आहे. गोष्ट ऐकून झाली की मग ठरवा, किती पुसायचं आणि किती ठेवायचं.